तिसरा गिअर आणि वाटीभर मटार

मुरलीधर दीक्षित समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नसत. त्याच्या डाव्या पायाकडे पाहत. नवख्या माणसाला वाटे, आपल्या चपलेला काही लागले आहे. तो टाच उचलून तळवा तपासून घेई, मग संकोचाने पाय खुर्चीखाली ओढी, आणि मुरलीधररावांची नजर त्या पायामागोमाग खुर्चीखाली जाई. आमच्या कॉलनीतले जाणते लोक त्यांच्या घरी गेले की सरळ मांडी घालून बसत.

या सवयीचे मूळ त्यांच्या व्यवसायात होते. मुंबई नाक्याजवळच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये ते वॉरंटी अधिकारी होते. वॉरंटी म्हणजे काय, हे पुष्कळांना गाडी बिघडेपर्यंत माहीत नसते, म्हणून आधी सांगतो. गाडी विकताना कंपनी असे वचन देते की, ठरावीक मुदतीत गाडीतला मूळचा दोष बाहेर आला तर ती दुरुस्ती आम्ही फुकट करू. मात्र चालवणाऱ्याने गाडीचे हाल केले असतील, तर ते वचन लागू नाही. हाल नेमके कोणी केले, बनवणाऱ्याने की चालवणाऱ्याने, हे ठरवणारा माणूस म्हणजे वॉरंटी अधिकारी. मला एवढे समजावून सांगायला चार वाक्ये लागली. मुरलीधरराव एकात सांगत : ‘‘कंपनीच्या चुकीला वॉरंटी, आपल्या चुकीला अनुभव.’’

नव्वदच्या दशकात नाशकात नव्या बनावटीच्या मोटारी दिसू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर मुरलीधररावांचा ‘नाही’ गावात प्रसिद्ध झाला. त्या ‘नाही’मध्ये राग नसे, तुच्छता नसे. गणित चुकलेल्या मुलाच्या वहीवर एखादे प्रेमळ गुरुजी बारीक फुली मारतात, तसा तो असे. ‘‘दीक्षितांनी नाही म्हटलं ना? मग राहू दे,’’ असे लोक म्हणत आणि खिशात हात घालत. ज्यांना त्यांनी ‘नाही’ म्हटले होते तेच लोक पुढची गाडी कोणती घ्यावी हे विचारायला त्यांच्याच घरी येत, आणि मांडी घालून बसत.

तपासणीची त्यांची रीत मी प्रत्यक्ष पाहिली आहे, कारण आमच्या शाळेचे मुख्याध्यापक एकदा मला सोबत घेऊन गेले होते. सरांच्या नव्या गाडीचा क्लच जळाला होता. क्लच जळण्याचे एक मोठे कारण असे की, काही लोक गाडी चालवताना डावा पाय सतत क्लचवर टेकवून ठेवतात, जसा आपण पलंगावर उशीवर ठेवतो. सरांचे म्हणणे, आपण तसे कधीच करत नाही. मुरलीधररावांनी जळका क्लच बघितलाही नाही. म्हणाले, ‘‘सर, ही दुसरी गाडी घ्या आणि मला चहाच्या टपरीपर्यंत न्या. मास्तर, तुम्हीही चला.’’

पहिले काही अंतर सरांनी गाडी अशी चालवली की जणू मागे गणपतीची मूर्ती आहे. डावा पाय क्लचपासून चांगला दूर. मुरलीधरराव शेजारी बसून बाहेरची दुकाने पाहत होते. मग अगदी सहज म्हणाले, ‘‘सर, यंदा तुमच्या शाळेचा निकाल जरा खाली आला म्हणे?’’

सर पेटले. शिक्षण खाते, शिकवण्या, पालक, आणि मी मागे बसलेलो असतानाही ‘काही शिक्षकांची वृत्ती’ असा एकेक मुद्दा येऊ लागला. मुद्दा तिसऱ्या क्रमांकावर पोहोचेपर्यंत सरांचा डावा पाय क्लचवर येऊन निवांत पहुडला होता. मुरलीधररावांनी तो पाहिला आणि टपरी यायच्या आधीच म्हणाले, ‘‘बास सर, चहा मीच पाजतो.’’ क्लेम नामंजूर झाल्याचे सरांना तिसऱ्या घोटाला कळले.

परत येताना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘पाय खोटं बोलत नाही, मास्तर. आणि तोंड चालू असताना तर त्याला खोटं बोलायला सवडच नसते.’’

दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल इतका अधिकार असलेल्या या माणसाकडे स्वतःची गाडी नव्हती. एक जुनी स्कूटर होती आणि तिच्यावरून ते इतक्या सावकाश जात की, पंचवटीच्या भाजीबाजारातून निघालेली हातगाडी त्यांना घंटा न वाजवता ओलांडून जाई. ‘‘एवढं हळू का?’’ असे विचारले की म्हणत, ‘‘हिची वॉरंटी केव्हाच संपली. आता जपायला नको का?’’

पंचवटी हे त्यांचे मूळ घर. थोरले बंधू नाना तिथेच पौरोहित्य करीत, आणि दैवयोग असा की नव्या वाहनांची पूजा ही नानांची खासियत होती. गुढीपाडव्याला शोरूममधून गाड्या निघत त्या थेट नानांपुढे येऊन उभ्या राहत. नाना स्वस्तिक काढीत, चारी चाकांखाली लिंबे ठेवीत, नारळ फोडीत आणि वाहनाला दीर्घायुष्य चिंतीत. त्यानंतर आमच्याकडची एक प्रथा सुरू होई. नवी गाडी घेतली की तिचे पहिले दर्शन देवीला. म्हणजे पूजा आटोपली की घरातली सगळी माणसे, एक दोन शेजारी, नारळाची पिशवी आणि डबे एवढे त्या गाडीत भरायचे आणि वणीच्या गडाचा घाट चढायचा. ज्याने काल परवा हातात स्टिअरिंग धरले, तो गृहस्थ आज सात माणसे घेऊन नांदुरीच्या चढाला लागे, प्रत्येक वळणावर अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरी, आणि वर पोहोचेपर्यंत गाडीतून असा वास येई की मंडळींना वाटे, कोणीतरी धूप लावला आहे.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात शोरूममध्ये या गाड्यांची रांग लागे. मुरलीधररावांनी या आजाराला नाव दिले होते : ‘दर्शन-क्लच’. आलेला मालक आधी गडावरचा प्रसाद पुढे करी आणि मग क्लेम. ते प्रसाद डोक्याला लावून घेत आणि क्लेम नाकारीत.

‘‘तुमच्या भावानं आशीर्वाद दिलाय गाडीला,’’ कोणी म्हणे.

‘‘आशीर्वादाला अटी नसतात. वॉरंटीला असतात.’’

नानांना हे कळे तेव्हा ते म्हणत, ‘‘मुरली, मी दिवसभर लोकांच्या गाड्यांचं भलं चिंतायचं आणि तू आठवडाभर ते काढून घ्यायचं. आपल्या घरात हे असं नव्हतं रे.’’

अशाच एका पाडव्यानंतर दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार बाबूराव आले. धिप्पाड माणूस, आवाज बागेच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. नेहमीप्रमाणे प्रसाद झाला, टपरीपर्यंत फेरी झाली, द्राक्षाच्या भावाचा विषय निघाला, पाय क्लचवर आला आणि ‘नाही’ झाला. बाबूराव मात्र खिशात हात घालणाऱ्यांतले नव्हते. शोरूमच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही होता. त्यावर दिवसभर कंपनीची जाहिरात चाले : गाडी डोंगरातल्या वळणांवरून सुसाट निघाली आहे, धूळ उडते आहे, शेवटी एका उंचवट्यावरून ती चक्क उडी मारते. बाबूरावांनी त्या टीव्हीकडे बोट केले.

‘‘सायेब, ही गाडी कुनाची?’’

‘‘कंपनीची.’’

‘‘ती डोंगरावून उडी मारती. मंग तिची वारंटी हाय का गेली?’’

मुरलीधररावांनी टीव्हीकडे पाहिले.

‘‘ती उडली तर जाहिरात, अन् माझी निसती गडावर चढली तर माझा दोष? आवं, ही उडी बघूनच घेतली ना म्या गाडी! मंग दाखावता कशाला?’’

संध्याकाळी मुरलीधरराव माझ्याकडे आले, चहा थंड केला आणि म्हणाले, ‘‘मास्तर, विद्यार्थी चुकला, पण त्यानं विचारलेला प्रश्न बरोबर होता. अशा वेळी तुम्ही काय करता?’’

‘‘उत्तर उद्या सांगतो म्हणतो.’’

मुरलीधररावांचा ‘उद्या’ यायला काही वर्षे गेली. नव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने एक विशेष गाडी काढली. लाल, बुटकी, ताकदवान. खास वेगाने चालवणाऱ्यांसाठी बनवलेली, असे कंपनीच सांगत होती. जाहिरातीत पुन्हा घाट होता. आणि एका सकाळी कॉलनीच्या फाटकातून ती गाडी आत आली, तर स्टिअरिंगवर मुरलीधर दीक्षित. फंड रिकामा झाला होता. त्यांच्या पत्नी मालतीवहिनी दारात उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, ‘‘अहो, निदान रंग तरी विचारायचा होता.’’

तेव्हापासून रविवारी सकाळी मुरलीधरराव सापुताऱ्याच्या घाटात गाडी चालवायला जाऊ लागले. स्कूटरवरचा माणूस आणि हा माणूस एकच, यावर माझा विश्वास बसला नसता. पण एका रविवारी त्यांनी मलाच पुढच्या सीटवर बसवले. घाट लागला आणि मी वरचे हँडल दोन्ही हातांनी धरले. गाडी वळणांत अशी शिरत होती की दरी माझ्या खिडकीपाशी येऊन चौकशी करून जात होती. गंमत अशी की, मला भीती वाटत होती पण धक्का एकही बसत नव्हता. ब्रेक, गिअर, वळण, पुन्हा वेग, हे सारे एका ओळीत, सुंदर हस्ताक्षरासारखे येत होते.

मी कसेबसे मागे वळून पाहिले. मागच्या सीटवर मालतीवहिनी मटार सोलत होत्या. मांडीवर स्टीलची वाटी होती. उसळीचे माप त्या वाटीनेच घेत, म्हणून सोलायच्याही वाटीतच. वाटी काठोकाठ भरली की शेजारच्या डब्यात ओतायच्या आणि पुन्हा भरायला घ्यायच्या. वाटीवर मटारांची टेकडी झाली होती आणि त्यातला एकही दाणा घरंगळत नव्हता.

‘‘वहिनी, भीती नाही वाटत?’’

‘‘घरी फोन वाजतो, दारावर माणसं येतात. इथं कसं, शांतपणे सोलून होतात.’’

तेवढ्यात तिसऱ्या गिअरमध्ये ‘कडाक्’ असा आवाज झाला. गाडीने एक गचका खाल्ला आणि वहिनींचे मटार सगळ्या गाडीभर उधळले. मुरलीधररावांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि पहिला प्रश्न विचारला तो मागे वळून :

‘‘आधी मटार सांडले की आधी आवाज आला?’’

‘‘आधी आवाज,’’ वहिनी दाणे वेचत म्हणाल्या. ‘‘मग मटार.’’

सोमवारी गिअरबॉक्स उघडला गेला आणि तो उघडणारे अर्थातच मुरलीधरराव होते. तिसऱ्या गिअरचा एक दात तुटला होता. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग ताजा चकचकीत होता आणि अर्धा काळवंडलेला. काळवंडलेली भेग जुनी असते, हे त्यांनी मला आंब्याच्या जुन्या डागाचे उदाहरण देऊन समजावले. म्हणजे दोष धातूतच असावा. क्लेम मंजूर होण्यात अडचण नव्हती. फक्त कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना होता : वापर सामान्य की कठोर? कठोर असेल तर पुढचे काही पाहायचेच नाही, वॉरंटी रद्द.

शोरूमचे मालक शेठजी सज्जन माणूस होते. ते म्हणाले, ‘‘दीक्षित, ‘सामान्य’वर खूण करा आणि मोकळे व्हा. घाटात कोण बघायला आलं होतं?’’

‘‘मी होतो ना.’’

‘‘अहो, पण तपासणारेही तुम्हीच!’’

‘‘म्हणूनच पंचाईत आहे. दुसरा कोणी असता तर एखादे वेळी फसला असता.’’

त्यांनी ‘कठोर’वर खूण केली, खाली सही केली आणि स्वतःचा क्लेम नाकारला. मग जेवणाची सुट्टी झाल्यावर, रीतसर रजेचा अर्ज देऊन, ग्राहक मंचात जाऊन कंपनी आणि शोरूम या दोघांविरुद्ध तक्रार दाखल केली.

शेठजींनी त्यांना बोलावून घेतले. तेव्हा जे बोलणे झाले त्यात या माणसाचे काय पणाला लागले होते ते स्वच्छ दिसते. शेठजी म्हणाले, ‘‘हरलात तर गाडी गेली, फंड गेला. जिंकलात तर तुमचा ‘नाही’ गेला. उद्या सगळा जिल्हा माझ्या काउंटरवर उभा राहील, की दीक्षितांना घाटात वॉरंटी, मग आम्हाला का नाही? मग मला तुमचा उपयोग काय?’’

‘‘बरोबर आहे,’’ मुरलीधरराव म्हणाले. ‘‘मीही हाच विचार करून तक्रार केली.’’

इथे शोरूमकडून एक चूक झाली, आणि ती केवळ सवयीने झाली. मंचात कुठलेही प्रकरण गेले की शोरूमचा कारकून तांत्रिक साक्षीदार म्हणून मुरलीधररावांचे नाव लिही. वर्षानुवर्षे तसेच चालले होते. याही वेळी त्याने तेच केले. सुनावणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. मंचाच्या अध्यक्षा कडक शिस्तीच्या, केस पिकलेल्या बाई होत्या. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

‘‘तक्रारदार मुरलीधर दीक्षित. कंपनीतर्फे साक्षीदार मुरलीधर दीक्षित. हे दोघे नातेवाईक आहेत का?’’

‘‘फार जवळचे, महोदया,’’ मुरलीधरराव उभे राहून म्हणाले.

कंपनीचे वकील मुंबईहून आले होते. त्यांना प्रकार कळायला जरा वेळ लागला, पण कळल्यावर ते खूश झाले. शत्रूच आपला साक्षीदार, तोही सत्यवचनी. आणखी काय हवे?

‘‘गाडीचा कठोर वापर झाला, हे मत तुमचंच ना?’’

‘‘माझंच.’’

‘‘कोणाच्या दबावाखाली लिहिलंत का?’’

‘‘नाही. खोलीत मी एकटाच होतो.’’

‘‘त्या दिवशी घाटात गाडी जोरात चालवली होती?’’

‘‘चांगली जोरात.’’

वकील हात चोळीत खाली बसले. अध्यक्षा म्हणाल्या, ‘‘तक्रारदारांचा वकील?’’

‘‘नाही, महोदया. साक्षीदाराची उलटतपासणी मीच घेईन.’’

वकील ताडकन उठले. ‘‘हरकत आहे! या साक्षीदाराला तक्रारदारानं पढवलेलं आहे.’’

‘‘त्याला इलाज दिसत नाही,’’ अध्यक्षा म्हणाल्या. ‘‘चालू द्या.’’

मुरलीधरराव टेबलाजवळ उभे राहून प्रश्न विचारीत, मग चार पावले चालत साक्षीदाराच्या जागी जात, आणि तिथून उत्तर देत. दोनदा असे झाल्यावर अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. ‘‘अहो, एका जागी उभे राहा. कोण बोलतंय ते आम्हाला कळतं.’’

‘‘दीक्षित,’’ मुरलीधररावांनी स्वतःला विचारले, ‘‘तुम्ही आजवर इतके क्लेम नाकारलेत. त्यांतला एक तरी, गाडी जोरात चालवली म्हणून नाकारलात?’’

इथे ते थांबले. नाटक म्हणून नव्हे. माझ्या बाकावरून स्पष्ट दिसत होते की, हा प्रश्न त्यांनी स्वतःला प्रथमच विचारला होता.

‘‘नाही,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘सगळे, वाईट चालवली म्हणून नाकारले. फॉर्मवर ‘वाईट’ असा रकाना नाही, म्हणून ‘कठोर’ लिहीत आलो.’’

‘‘फरक काय?’’

‘‘जोरात चालवणारा गाडीला जे येतं ते करायला लावतो. वाईट चालवणारा तिला जे येत नाही ते करायला लावतो.’’

मी शिक्षक आहे. हे वाक्य मी त्या दिवशी माझ्यासाठी उचलले आणि पुढे वर्गात वापरले. फक्त गाडीच्या जागी विद्यार्थी घातला.

वकील मात्र कच्चे नव्हते. ते म्हणाले, ‘‘ती काळी भेग कारखान्यातलीच कशावरून? आधीच्या रविवारी यांनीच गिअर आदळून पाडली नसेल कशावरून?’’

‘‘त्याला स्वतंत्र साक्षीदार आहे. प्रत्येक रविवारी मागच्या सीटवर असायची.’’

मालतीवहिनी पदर सावरून उभ्या राहिल्या. वकिलांनी विचारले, ‘‘बाई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?’’

‘‘काही नाही. मला मटारातलं कळतं.’’

मग त्यांनी वाटीची हकिकत सांगितली. जे गिअर आदळतात त्यांच्या गाडीत वाटीतला दाणा राहत नाही. हे तुमचं तुम्ही जाताना करून बघा, असेही सुचवले. ‘‘एवढे रविवार एक मटार सांडला नाही. त्या दिवशी आधी कडाक् झालं, मग सांडले. सगळे वेचले मी. एक अजून सापडला नाही, तो गाडीतच असेल.’’

अध्यक्षांनी वही मिटली आणि वकिलांकडे वळल्या. ‘‘तुमच्या जाहिरातीत ही गाडी कुठे चालताना दाखवता?’’

‘‘घाटात, महोदया.’’

‘‘हळू?’’

‘‘महोदया, ती जाहिरात आहे. ती काय कोणी खरी मानतं?’’

‘‘मग तुमची वॉरंटी तरी लोकांनी खरी मानावी का?’’

निकाल मुरलीधररावांच्या बाजूने लागला. जी गाडी जोरात चालवण्यासाठी म्हणून विकली, ती जोरात चालवली एवढ्याच कारणाने वचन मोडता येणार नाही, असे त्यात होते. नानांनी पेढे वाटले. म्हणाले, ‘‘शेवटी माझा आशीर्वाद फळला.’’

शेठजींचे भाकीतही फळले. दुसऱ्याच आठवड्यात काउंटरवर रांग लागली. बाबूराव गोठ्यात जपून ठेवलेली जळकी क्लचप्लेट घेऊन सर्वांत पुढे उभे होते. आजवर प्रत्येक जण ‘मी अगदी हळू चालवतो’ अशी शपथ घेत असे. आता सगळ्यांची शपथ बदलली होती.

‘‘जोरात चालवली व्हती सायेब. लय जोरात!’’

‘‘बाबूराव, तेव्हा तर तुम्ही म्हणालात, बैलगाडीसारखी नेली?’’

‘‘तवा नियम येगळा व्हता.’’

आमच्या मुख्याध्यापकांनीसुद्धा, आपण त्या काळी गाडी ‘काहीशी बेफामपणे’ हाकत होतो, असे सांगून पाहिले. सगळ्यांच्या मुदती कधीच संपलेल्या होत्या. तरीही मुरलीधररावांनी कोणाला परत पाठवले नाही. त्यांनी घरून वाटी आणली. ‘‘जोरात ना? चला गडावर. वाटी माझ्या मांडीवर, गाडी तुमच्या हाती. मटार वाटीत राहिले तर मी स्वतः तुमच्या बाजूनं कंपनीशी भांडतो.’’ बाबूरावांचे मटार पहिल्याच वळणाला सांडले. ते खाली उतरले, दाण्यांकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या सायेब. पटलं.’’ ‘नाही’ पूर्वीसारखाच राहिला. उलट आता तो डोळ्यांना दिसू लागला. शेठजींनी वाटीसाठी काउंटरवर एक कायमची जागा करून दिली. उन्हाळ्यात मटार मिळत नसत, तेव्हा भिजवलेले वाटाणे चालत.

पुढे क्लेम संगणकावरून दूरच्या कचेरीत जाऊ लागले, तिथले लोक माणसाचा पाय न बघता ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवू लागले, आणि मुरलीधरराव निवृत्त झाले. ते पुण्याला मुलीकडे राहायला जाण्याआधी मी त्यांना शेवटचे पाहिले ते नांदुरीला, गडाच्या पायथ्याशी. मार्गशीर्षातला गुरुवार होता. बाबूरावांनी नवी गाडी घेतली होती आणि मुद्दाम त्यांना बोलावले होते. मी सोबतीला गेलो होतो.

प्रश्न बाबूरावांच्या सुनेचा होता. ती निफाडच्या शाळेत शिक्षिका होती, रोज दोन बस बदलून जाई, आणि गाडी आपण चालवू म्हणत होती. बाबूरावांनी सर्वांसमक्ष जाहीर केले, ‘‘सायेबांची वाटी काय म्हणंल ते खरं. मटार ऱ्हायले तर चावी हिची. सांडले तर धाकट्याची. मंग कुनी काय बोलायचं नाय.’’ सुनेने चप्पल काढून ठेवली, अनवाणी पाय पेडलवर ठेवून पाहिले आणि गाडी सुरू केली. शेजारी मुरलीधरराव, मांडीवर काठोकाठ वाटी.

आम्ही टपरीवर बसलो. बाबूराव पायथ्यापासून घाटाकडे बघत राहिले. त्यांना वर जाणारी प्रत्येक गाडी आपलीच वाटत होती. बऱ्याच वेळाने ती खाली उतरून आमच्यासमोर येऊन थांबली. सुनेचा चेहरा पांढराफटक होता आणि तिने स्टिअरिंग सोडले नव्हते. काचेतून मुरलीधररावांनी वाटी उंच धरून दाखवली. ती रिकामी होती.

‘‘मटार कुठं हायती, सायेब?’’ बाबूरावांनी विचारले.

‘‘खाल्ले,’’ मुरलीधरराव म्हणाले. ‘‘कोवळे होते. राहवलं नाही.’’

‘‘सगळे?’’

‘‘घाट मोठा आहे. चावी पोरीला द्या.’’

बाबूरावांनी मान डोलावली. दीक्षित साहेबांचा शब्द होता. त्यावर त्यांनी आयुष्यात एकदाच वाद घातला होता. मी मुरलीधररावांना उतरवून घेण्यासाठी पुढे झालो आणि डाव्या बाजूचे दार उघडले. पायाखालची चटई हिरवीगार झाली होती. मुरलीधररावांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे तोंड रिकामेच चावत होते, आणि डावा पाय एकेक मटार अगदी शांतपणे सीटखाली सरकवत होता.